उलट बाजूची शिवण

खेळण्यांच्या दुकानात काचेआड उभी असलेली बाहुली आणि डब्यातून काढून हातात घेतलेली बाहुली यांचे मूल्यमापन वेगवेगळे निघते, आणि माझ्या मते त्यातले दुसरेच खरे असते. डब्यात बाहुलीचा चेहरा आणि समोरची बाजू तेवढी दिसते. तिचे केस मागच्या बाजूला कसे रोवले आहेत, झगा पाठीवर कसा बंद होतो, कमरेची आतली शिवण पक्की आहे की कापड कापून तसेच सोडून दिले आहे, यातले काहीच कळत नाही. फॅशनची बाहुली म्हणून जी विकली जाते तिच्या बाबतीत तर हीच माहिती सर्वांत महत्त्वाची, कारण तिचा सगळा खेळच कपडे घालण्या-काढण्याचा असतो. जिचे कपडे लहान मुलीच्या हाताने सुखासुखी निघत नाहीत आणि पुन्हा चढत नाहीत, ती बाहुली कितीही देखणी असली तरी आपल्या कामात अपुरी पडली, असे मी मानते.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर कुडाळच्या बाजारात मी अशीच एक बाहुली घेतली. उंची सुमारे २९ सेंटीमीटर, सावळा वर्ण, खांद्यापर्यंत रुळणारे कुरळे केस, भरलेला बांधा. अंगात बिनबाह्यांचा फुलाफुलांचा झगा, त्यावर डेनिमचे आखूड जाकीट, पायात गुलाबी बूट आणि खांद्याला प्लास्टिकची छोटी पर्स. प्रदर्शनात मांडण्यासाठी काढलेली ही महागडी बाहुली नव्हे. मुलींनी खेळावे म्हणून बनवलेली आणि सातशे रुपयांच्या आत मिळणारी आहे. तिच्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण या किमतीच्या आणि या मापाच्या बहुतेक सगळ्याच बाहुल्यांना पुढचे निकष लावता येतील, आणि एका नावाभोवती चर्चा फिरू लागली की कापड, शिवण आणि रंग हे मूळ विषय बाजूला पडतात.

संग्राहकांमध्ये डबा कधीच न उघडणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे आणि बंद डब्यातल्या बाहुलीला बाजारात जास्त किंमत येते हेही खरे आहे. पण वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात डबा ही सुरक्षित जागा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. जून ते सप्टेंबर या काळात इथल्या घराच्या भिंतींनासुद्धा ओल येते. पुठ्ठा ती ओल शोषून मऊ पडतो आणि त्याच्या आतल्या बाजूला बुरशीचे करडे ठिपके उमटतात. बाहुलीचे मनगट आणि केस डब्याला बांधून ठेवणारी पारदर्शक रबरे काही वर्षांत चिकट होतात आणि केसांवर वितळल्यासारखी बसतात. जुन्या डब्यांतल्या तारा खाऱ्या हवेने गंजतात आणि त्या गंजाचा डाग कपड्यावरून सहसा निघत नाही. डोके पुठ्ठ्याला अडकवण्यासाठी कवटीतून आरपार मारलेले प्लास्टिकचे बारीक टाके तर मी पहिल्याच दिवशी कापते. ओढून न काढता बाहेरचे टोक कात्रीने कापले आणि उरलेला तुकडा आत ढकलला, तर भोक मोठे होत नाही. देशावरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्याने डबा मिटून ठेवावा की नाही हे त्याचे त्याने ठरवावे. कोकणात मात्र बाहुलीला वारा लागलाच पाहिजे.

कपड्यांचा एवढा आग्रह कशासाठी, हे समजण्यासाठी ही बाहुली कोणत्या परंपरेतली आहे ते पाहावे लागते. आपल्याकडची बाहुली कपड्यांसकट जन्माला येते. सावंतवाडीच्या चितार आळीतली रंगीत लाकडी खेळणी सर्वांना माहीत आहेत. आजीच्या काळच्या लाकडी ठकीचे लुगडे लाकडावरच रंगवलेले असते आणि खेळून खेळून रंग उडाला तरच ते जाते. कुडाळजवळ पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांना कापडाचे पोशाख असतात, पण ते भूमिकेचे पोशाख; खेळ पाहणाऱ्या मुलाने ते बदलावेत अशी अपेक्षा नसते. १९६५ साली दिल्लीत सुरू झालेल्या शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियममध्ये देशोदेशीच्या वेशभूषेतल्या बाहुल्या आहेत, आणि तिथेही पोशाख पाहायचा असतो, हाताळायचा नसतो. या सगळ्या बाहुल्या मला प्रिय आहेत. परंतु त्यांच्या पोशाखाचे मूल्यमापन करताना तो कसा दिसतो एवढेच विचारावे लागते, तर फॅशनच्या बाहुलीला याहून कठीण प्रश्न विचारावे लागतात.

ही दुसरी परंपरा आज ज्या रूपात आपण ओळखतो ते रूप तिला ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मिळाले, जेव्हा रुथ हँडलर यांनी बार्बी लोकांसमोर आणली. आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना कागदी कपडे चढवत मोठ्या बायकांचे आयुष्य खेळते, हे त्यांनी पाहिले होते, आणि १९५५ पासून जर्मनीत विकल्या जाणाऱ्या लिली या बाहुलीत त्यांना त्या कागदी खेळाचे घन रूप सापडले. पहिली बार्बी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखात ३ डॉलरला मिळत असे आणि बाकीचे कपडे वेगळे विकत घ्यावे लागत. म्हणजे धंद्याचा भार कपड्यांवरच होता, आणि म्हणूनच कपडे विलक्षण काळजीने केलेले होते. शार्लट जॉन्सन या वेशभूषाकार त्यासाठी जपानात जाऊन राहिल्या आणि तिथल्या कारागिरांकडून त्यांनी लहानशा झग्यांना अस्तर लावून घेतले, खरोखर चालणाऱ्या चेन बसवून घेतल्या, टाचणीच्या डोक्याएवढी बटणे शिवून घेतली. १९६० साली आलेला 'सोलो इन द स्पॉटलाइट' हा गायिकेचा पोशाख घ्या. काळा चमचमता पायघोळ झगा, लांब हातमोजे, गुलाबी रुमाल आणि सोबत मायक्रोफोन. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी या झग्याची चर्चा करताना संग्राहक त्याच्या शिवणीबद्दल बोलतात. कुठल्याही नव्या बाहुलीचा झगा मी उलटा करून पाहते तेव्हा माझ्यासमोर हे माप असते, आणि सातशे रुपयांच्या बाहुलीने त्याच्याशी बरोबरी करावी अशी माझी अपेक्षा नसली तरी त्या दिशेने निदान चार पावले टाकलेली असावीत, असे मला वाटते.

आता आमच्या बाहुलीकडे वळते. चेहऱ्याला मी चांगले गुण देईन. डोके मऊ व्हिनाइलचे असून नाक आणि हनुवटी नेमकी घडवलेली आहे. ओठ किंचित विलग, पण ते उगाचच्या हास्यात ताणलेले नाहीत. डोळे छापील आहेत आणि भिंगाखाली पाहिले तर बुबुळाच्या कडेला छपाईचे बारीक ठिपके दिसतात, तरी हातभर अंतरावरून ते एकजीव होतात आणि तपकिरी रंगाच्या तीन छटा स्वच्छ उमटतात. नजर सरळ समोर आहे. पहिल्या बार्बीची नजर तिरकी, बाजूला झुकलेली होती आणि १९७१ च्या मालिबू बार्बीपासून ती समोर पाहू लागली. तेव्हापासून सरळ नजरेची बाहुली खेळणाऱ्या मुलीशी थेट बोलते आणि तिरक्या नजरेची बाहुली आपल्याच विचारात असते, असा फरक मला नेहमी जाणवत आला आहे. खेळायच्या बाहुलीला सरळ नजरच शोभते.

चेहऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट दुकानातच करायची असते. एकाच साच्यातून निघालेल्या बाहुल्यांची छपाई एकसारखी नसते. कुणाची भुवई केसभर वर चढलेली असते, कुणाच्या ओठांचा रंग ओठाच्या कडेबाहेर सांडलेला असतो, कुणाचा एक डोळा दुसऱ्याहून जरा खाली असतो. मी फळीवरचे सगळे डबे काढून शेजारी शेजारी मांडले, तेव्हा दुकानदार समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, सगळ्यो सारक्योच आसत." मी दोन डबे त्यांच्यासमोर धरून डाव्या भुवया दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि मग स्वतःच आतून आणखी डबे आणून दिले.

केसांबद्दल मला तितकेसे समाधान नाही. केस डोक्यात यंत्राने ओळीने रोवलेले असतात आणि भांगाच्या ठिकाणी दोन ओळी दाट असाव्या लागतात, नाहीतर कुरळे केस जरा विस्कटले की टाळू दिसते. हिच्या भांगाची ओळ दाट आहे, पण मानेच्या वरचा भाग विरळ आहे आणि केस बांधले की तो उघडा पडतो. धागा पॉलिप्रोपिलीनचा असावा असे त्याच्या कोरड्या, निस्तेज स्पर्शावरून वाटते. जुन्या बाहुल्यांना सॅरन नावाचा धागा वापरत; तो जड, तुकतुकीत आणि वळण धरून ठेवणारा असे. नायलॉनही चमकदार आणि मऊ असते. पॉलिप्रोपिलीन स्वस्त पडते, मात्र ते गुंतते लवकर आणि सुटते उशिरा. केस आतून चिकटवण्यासाठी डोक्यात गोंद घालण्याची पद्धत असलेल्या बाहुल्यांत उन्हाळ्याच्या उकाड्यात तो गोंद मुळांवाटे बाहेर पाझरतो आणि केस तेल लावल्यासारखे चिकट होतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हे हमखास दिसून येते. म्हणून मी टिपकागदाचा तुकडा टाळूवर दाबून पाहते. हिचा कागद आतापर्यंत कोरडा आला आहे. पुढच्या मे महिन्यानंतर मी तिच्या केसांबद्दल अधिक खात्रीने सांगू शकेन.

बांध्याविषयी थोडक्यात सांगायचे तर धड कडक प्लास्टिकचे, हात आणि डोके मऊ, आणि मानेपाशी दोन्हींच्या रंगात जो सूक्ष्म फरक नेहमी पडतो तो इथे जवळजवळ दिसत नाही, ही सावळ्या रंगाच्या बाहुलीत कौतुकाची गोष्ट आहे. मान, खांदे आणि मांड्या एवढेच सांधे हलतात; कोपर आणि गुडघा वाकत नाही. २०१५ साली बार्बीची 'मेड टू मूव्ह' ही बावीस सांध्यांची बाहुली आली तेव्हापासून अनेक संग्राहक न वाकणाऱ्या बाहुलीकडे पाहतही नाहीत. मला ते पटत नाही. लहान मुलीच्या हातात कमी सांधे जास्त टिकतात. भरलेल्या बांध्याचे स्वागत मात्र मनापासून करते. २०१६ साली बार्बीच्या फॅशनिस्टाज मालिकेत उंच, ठेंगणी आणि भरलेली अशी तीन नवी शरीरे आली आणि त्यानंतर इतरांनीही वेगवेगळे बांधे काढायला सुरुवात केली. त्यामुळे विकत घेणाऱ्याला एक नवी खबरदारी घ्यावी लागते. सडपातळ बाहुलीचे कपडे भरलेल्या बाहुलीच्या पाठीवर मिटत नाहीत, आणि कपड्यांचे सुटे पाकीट घेताना हे न पाहिल्यास घरी रडारड होते.

पाठीवर कोरलेल्या सालाबद्दलही इथेच सांगून टाकते. बार्बीच्या कित्येक बाहुल्यांच्या पाठीवर '१९६६' हे साल दिसते आणि ते पाहून जुन्या बाजारात तिला साठच्या दशकातली म्हणून विकले जाते. ते साल त्या शरीराच्या आकृतीच्या मालकी हक्काचे आहे आणि तोच साचा पुढे नव्वदच्या दशकापर्यंत वापरात होता. बाहुलीचे वय ठरवायचे असेल तर मानेच्या आतल्या कडेवरचे साल, डोळ्यांची छपाई, केसांचा धागा आणि कपड्यावरची चिठ्ठी या सगळ्यांची संगती लावावी लागते.

हे सर्व झाले तरी माझे मत शेवटी पोशाखावर ठरते. ही बाहुली माणसाच्या एक षष्ठांश मापाची आहे. २९ सेंटीमीटरला सहाने गुणले की १७४ सेंटीमीटर, म्हणजे एका उंच स्त्रीची उंची येते. हे गुणोत्तर मनात ठेवून तिचा झगा पाहिला की शिवणाऱ्याने कुठे विचार केला आणि कुठे केला नाही, ते आपोआप उघड होते. झग्यावरचे गुलाब एक एक सेंटीमीटरचे आहेत, म्हणजे खऱ्या झग्यावर ते सहा सेंटीमीटरचे झाले असते, आणि असा छाप आपण दुकानात सहज पाहतो; इथपर्यंत ठीक. घेराच्या खालच्या दुमडीवरचा टाका मात्र अडीच मिलिमीटरचा आहे. माणसाच्या मापात तो दीड सेंटीमीटर लांब होईल. एवढ्या लांब टाक्याची टीप कोणत्याही शिंप्याने कच्च्या शिवणीशिवाय घातली नसती. दीड मिलिमीटरचा टाका घरच्या शिलाई यंत्रावरही घालता येतो, त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, फक्त वेळ थोडा जास्त लागतो.

झग्याचा वरचा भाग ताणल्या जाणाऱ्या होजिअरीचा आणि घेर पातळ पॉलिएस्टरचा आहे. बाह्यांच्या ठिकाणी होजिअरी नुसती कापून सोडली आहे. तिचे धागे सुटत नसले तरी कडा आतल्या बाजूला वळतात आणि काखेत सुरळी होऊन बसतात. कंबरेपाशी दोन्ही कापडे जिथे जोडली आहेत तिथे आत जेमतेम तीन मिलिमीटर कापड सोडले आहे आणि घेराच्या कडेवर ओव्हरलॉक नाही. सावंतवाडीत जिच्याकडे मी माझे कपडे शिवायला देते त्या काकींना मी हा झगा दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन आधी उलटा केला, अंगठ्याच्या नखाने कमरेची कड खरवडली आणि नखावर आलेले दोन धागे मला दाखवत म्हणाल्या, "ह्या कापडाक आतसून ओवरलॉक नाय गो. पयल्याच धुण्यात धागे सुटतले." मी तो नळाखाली साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवला आणि कमरेची तीन मिलिमीटर कड एका बाजूला दोनच उरली. खेळता खेळता मुलगी असा झगा चार वेळा तरी धुणार, आणि मग घेर कमरेपासून सुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पाठीमागे मानेपासून खालपर्यंत वेल्क्रोची पट्टी आहे. वेल्क्रो लहान बोटांना सोपे जाते, हा त्याचा मोठा गुण मी नाकारत नाही. पण आठ मिलिमीटर रुंदीची ती कडक पट्टी पाठीवर पाटीसारखी उभी राहते, तिचे आकडे केसांत अडकतात आणि झगा काढताना होजिअरीच्याच धाग्यांना ओढून ओढून तिथे गोळे तयार करतात. दोन लहान टिचबटणांनी हेच काम झाले असते. पाच-सहा वर्षांच्या मुलीला टिचबटण लावता येत नाही हा युक्तिवाद मला मान्य नाही. आमच्या घरातल्या मुली परकर-पोलक्याची टिचबटणे स्वतः लावत मोठ्या झाल्या. खाऱ्या हवेचा विचार करून बटण प्लास्टिकचे घ्यावे, एवढीच माझी सूचना राहील, कारण लोखंडी बटणाचा गंज पहिल्याच पावसाळ्यात कापडात उतरतो.

जाकीट पाहिले आणि एकाच डब्यात दोन वेगळ्या हातांचे काम कसे काय आले, असे वाटले. कापड सुती आहे, तिरप्या विणीचे आणि पातळ, त्यामुळे ते खांद्यावर फुगत नाही. या मापाला शिवताना खरी अडचण हीच असते की बाहुली सहापट लहान होते, पण कापडाची जाडी आणि दोऱ्याची जाडी सहापट कमी होत नाही; म्हणून खरे डेनिम बाहुलीला घातले की ती चिलखत घातल्यासारखी दिसते. इथे कापड नीट निवडले आहे. कॉलर दोन पदरी असून तिची टोके उलटवून बाहेर काढली आहेत, त्यावरची पिवळसर दोऱ्याची टीप सरळ गेली आहे आणि बाहीच्या तोंडाशी दुमड आहे. खिसे छापील आहेत. ते शिवलेले असते तर फार आनंद झाला असता, निदान झाकण तरी हवे होते. बटणे नाहीत, तरीही जाकीट उघडेच घालायचे असल्याने त्यांची उणीव भासत नाही.

बाहुली माझ्या सहा वर्षांच्या भाचीच्या हाती दिली आणि मी काही न सांगता शेजारी बसून राहिले. झगा तिने चटकन काढला आणि पुन्हा घातला. जाकिटाशी मात्र तिची झटापट झाली, कारण कोपर वाकत नाही आणि बाहुलीचा अंगठा बाकी बोटांपासून सुटा असतो. "आत्या, हिचा अंगठा आत अडकतोय," असे म्हणून तिने बाही ओढायला घेतली, तेव्हा मी तिला दुधाच्या पिशवीचा छोटा तुकडा कापून दिला. तो बाहुलीच्या पंज्याभोवती गुंडाळून बाहीत सरकवला की हात अलगद बाहेर येतो, आणि मग पिशवी ओढून काढायची. बोटे तुटत नाहीत, शिवण उसवत नाही. भाचीने मग जाकीट पुन्हा पुन्हा घातले, काढले, आणि शेवटी झग्याविना नुसत्या जाकिटावर माझ्या रुमालाचे लुगडे गुंडाळून बाहुलीला मालवणच्या बाजारात मासे घ्यायला पाठवले. जाकिटाची शिवण या सगळ्यातून निभावली. झग्याचा वेल्क्रो तोवर रुमालाला चिकटला होता.

बूट बरे आहेत. पाय सपाट असल्याने ते नीट बसतात आणि बाहुली भिंतीला टेकवून उभी राहते. २००१ साली आलेल्या ब्रॅट्झ बाहुल्यांनी बूट आणि पाऊल एकच करून टाकले, बूट बदलायचा तर अख्खे पाऊल काढायचे. त्यामुळे बूट हरवत नाहीत हे खरे, परंतु पायात बूट चढवण्याचा जो खेळ आहे तोच त्यात नाहीसा झाला. पर्सचे झाकण उघडत नाही. उघडत नसलेल्या पर्सचा मुलीला काही उपयोग नसतो आणि भाचीने ती पहिल्या तासाभरात बाजूला टाकली, यावर मी आणखी काही लिहीत नाही.

मऊ प्लास्टिकचे बूट कडक प्लास्टिकच्या वस्तूंना चिकटवून ठेवू नयेत, हे मात्र सांगितलेच पाहिजे. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि ज्या कडक प्लास्टिकला ते लागते तिथे खळगा पडतो. जुन्या बाहुल्यांचे पाय चिकट लागतात तेही याच द्रव्यामुळे. त्याच स्वभावाची दुसरी अडचण रंगाची आहे. गडद कपड्याचा रंग व्हिनाइलमध्ये शिरतो आणि दमट हवेत तर लवकर शिरतो. जाकिटाच्या बाहीवर ओले पांढरे कापड दाबून धरल्यावर त्यावर फिकट निळी छटा आली, म्हणून मी जाकीट दोनदा धुतले आणि पावसाळ्यात ते बाहुलीच्या अंगावर ठेवत नाही. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकण्याची आपल्या घरोघरची सवय बाहुल्यांच्या बाबतीत सोडायला हवी, कारण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडते. मी कपडे सुती फडक्यात वेगळे गुंडाळते, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि दसऱ्यानंतरचे कोवळे ऊन कपड्यांना दाखवते. बाहुलीला मात्र ऊन दाखवत नाही, तिचा रंग उडतो. कानातल्या धातूच्या कुड्या जुन्या बाहुल्यांच्या कानाभोवती हिरवट डाग पाडतात, त्यामुळे हिच्या कानात प्लास्टिकच्या रिंगा आहेत याचे मला बरे वाटले.

भाचीने रुमालाचे लुगडे नेसवल्यापासून मी तिच्यासाठी नऊवारीचा विचार करते आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्याचा सहावा भाग सुमारे १३७ सेंटीमीटर, आणि ४५ इंच पन्ह्याचा सहावा भाग १९ सेंटीमीटर. एवढी पट्टी काढायला जुने मलमलीचे धोतर उत्तम, कारण नव्या सुती कापडाच्या निऱ्या या मापात फुगून कमरेशी गठ्ठा होतो आणि कासोटा तर घालताच येत नाही. चार इंचांचा काठ इथे सतरा मिलिमीटरचा होईल. त्याला जरीची फीत लावली की पदर ताठ उभा राहतो, म्हणून काठ रंगीत दोऱ्याने धावदोरा घालून काढावा असे काकींचे म्हणणे आहे आणि ते मला पटले. ही नऊवारी शिवलेली नसेल, नेसवायची असेल. वेळ लागेल, पण भाचीला निऱ्या घालायला शिकायचेच आहे. भरलेल्या बांध्याला ती सडपातळ बाहुलीपेक्षा अधिक शोभून दिसेल, कारण कमरेवरच्या घड्यांचा फुगवटा त्या बांध्यात सामावला जातो.

एकंदरीत चेहरा, वर्ण आणि बांधा यांसाठी ही बाहुली दिलेल्या पैशांना पुरून उरते आणि खेळायला मुलगी असलेल्या कोणत्याही घरात मी ती नेण्याचा सल्ला देईन. झगा मात्र मी बाद करते. त्याचा घेर उसवून त्याचा कागदी नमुना मी काढून घेतला आहे, कारण कापणी चांगली आहे, चूक शिवणीत आहे. त्याच नमुन्यावर मलमलीचा झगा, काखेला पट्टी, पाठीला दोन टिचबटणे आणि कमरेला आतून दुमडलेली शिवण असा बेत काकींशी ठरला आहे. जाकीट तिचेच राहील, फक्त त्याला काकी खिशांची खरी झाकणे लावून देणार आहेत.